लाल पट्ट्याचा की पिवळ्या पट्ट्याचा?

आमच्या दुकानात दारातून आत आलेला माणूस पहिल्यांदा माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागे बघायचा, आणि मग विचारायचा, "साहब किधर हैं?"

गोंदियाच्या बाजारातलं कॅमेऱ्याचं दुकान, काउंटरवर बाई. त्याला वाटायचं, ही चहापाणी बघत असेल, कॅमेऱ्याचं समजणारा माणूस आत जेवत असेल. मी म्हणायची, "साहब नहीं हैं जी, मैं ही हूँ. बोला, काय दाखवू?" मग पुढची पाच मिनिटं तो माझी परीक्षा घ्यायचा. झूम म्हणजे काय, फ्लॅश किती दूर जातो, बॅटरी किती टिकते. मी पास झाले की मग गिऱ्हाईक व्हायचा. वर्षानुवर्षं मी ही परीक्षा दिली. एकदाही नापास झाले नाही, हे मी आपल्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

मी मूळची सौंदडची. लग्न होऊन गोंदियाला आले आणि १९९९ साली या दुकानात लागले. तेव्हा ती कलर लॅब होती. लोक रोल आणून द्यायचे, मी पाकिटावर नाव लिहायची, आणि रोल धुऊन आला की फोटो मोजून द्यायची. सगळ्यात अवघड काम होतं रोल कोरा निघाल्याचं सांगणं. कॅमेऱ्यात रोल नीट अडकला नसला की तो पुढे सरकतच नाही, आणि माणूस मात्र बारशाचे छत्तीस फोटो काढून मोकळा होतो. एक मामा तर मला म्हणाले, "काऊन जी, आमचेच फोटो उडाले? तुमच्या मशीनमंधीच काही बिघाड असन!" मी त्यांना लाडू देऊन घरी पाठवलं. लाडू त्यांनीच आणलेले होते, त्याच बारशाचे.

मग डिजिटल आलं आणि रोल गेला. दुकानाच्या मालकांनी, आमच्या शेठजींनी, लॅबचं मशीन झाकून ठेवलं, काउंटरवर नवी काच लावली आणि मला म्हणाले, "उषाजी, अब आप कॅमेरा बेचो." बेचो म्हणजे काय, आधी शिकायला तर पाहिजे! मी पुस्तिका घरी नेल्या, भाजी फोडणीला टाकून वाचल्या, आणि शिकले.

पुढे एक काळ असा आला, २००९-१० च्या आसपासचा, की ज्याला त्याला मोठा कॅमेरा पाहिजे होता. मोठा म्हणजे ज्याची लेन्स काढता-लावता येते तो. त्यातही खिशाला झेपणारे, शिकाऊ माणसाला चालणारे असे दोनच असायचे. एका कंपनीच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर लाल रंग, दुसऱ्याच्या पट्ट्यावर पिवळा. कंपनीचं नाव कोणी घेत नसे. "लाल दाखवा", "पिवळा दाखवा", असंच चालायचं. आणि दोन्ही काचेवर मांडले की प्रश्न एकच, "बाईजी, दोन्हीतला कोणता घेऊ?"

आता खरं सांगते, तेव्हा सांगायची सोय नव्हती. दोन्हीत फार फरक नव्हता! पहिल्या वर्षाचे तुमचे फोटो दोन्हीत सारखेच वाईट येणार होते. पण गिऱ्हाइकाला असं बोलून चालतं का? त्याला रात्रंदिवस तोच घोर लागलेला असतो. आमगावकडचे एक गुरुजी सहा आठवडे दर रविवारी यायचे, वहीत दोन रकाने करून लिहायचे. मेगापिक्सेल, वजन, स्क्रीन, सगळं. वही भरली त्या रविवारी ते विजयी चेहऱ्यानं आले, आणि मी त्यांना सांगितलं की दोन्ही मॉडेल बंद झाली, आता नवीन आली आहेत. गुरुजी पाणी प्यायले आणि म्हणाले, "मंग नवीन वही घ्या लागन."

नागझिऱ्याचा एक गाइड आला होता. त्याला ना स्क्रीन बघायची होती ना मेगापिक्सेल. तो म्हणाला, "बाईजी, मी डोळे मिटतो, तुमी दोन्ही वाजवून दाखवा." मी बटण दाबून एकदा लाल वाजवला, एकदा पिवळा. तो कान देऊन ऐकत होता. "एक डाव आणखी." पुन्हा वाजवले. ज्याचा आवाज बारीक तो त्यानं उचलला, कारण मोठ्या आवाजाला त्याचं चितळ पळून जाणार होतं. त्या दिवशी मला कळलं, की माणसाला जे खरं पाहिजे असतं ते पुस्तिकेत छापलेलं नसतं. कळलं म्हणजे काय, कळल्यासारखं वाटलं. नीट कळायला सालेकशाचे बिसेनभाऊ यावे लागले.

बिसेनभाऊंचा सालेकशाला फोटो स्टुडिओ होता. पन्नाशी ओलांडलेले, मिशी भरघोस, पांढरा शर्ट कडक इस्तरीचा. आसपासच्या गावांतली लग्नं वीस वर्षं त्यांच्याच कॅमेऱ्यात गेली होती. ते आले उन्हाळ्याच्या तोंडाशी, लगीनसराई सुरू व्हायच्या आधी. सोबत त्यांची बायको कांताबाई, हातात कापडी पिशवी. त्या बाकावर जाऊन बसल्या, भाऊ काउंटरला आले आणि चक्क म्हणाले, "बाईजी, तुमचं नाव आयकून आलो." साहब किधर हैं नाही, काही नाही! मी तिथंच विरघळले.

त्यांनी खिशातून मऊ कापडात गुंडाळलेली एक लेन्स काढली. "हे माही पन्नास नंबरची. रोलच्या कॅमेऱ्याची आहे. हे ज्याच्यात बसन तो कॅमेरा द्या."

इथं जरा धंद्यातलं सांगायला पाहिजे. पन्नास नंबरची म्हणजे पन्नास मिलिमीटरची लेन्स. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसतेच असं नाही. लालवर ती लेन्स बसतच नव्हती, तोंडच वेगळं. पिवळ्यावर बसायची, पण आंधळी-बहिरी होऊन. म्हणजे नवीन लेन्स बटण अर्धं दाबलं की आपोआप फोकस करते, चेहरा स्पष्ट करते. ही करणार नाही, हातानं कडं फिरवून करावं लागणार. आणि उजेड किती आहे हे कॅमेरा एरवी मोजून सांगतो, ही लेन्स लावली की तेही नाही सांगणार. सगळं तुमच्या डोळ्यावर.

मी हे सांगत होते आणि भाऊ पुस्तिका बघत होते. बघता बघता त्यांनी ती नाकाला टेकेल इतकी जवळ नेली. मग जरा तिरकी धरली. मग ठेवून दिली आणि म्हणाले, "छापाईच बारीक आहे जी."

छपाई बारीक नव्हती. मी ओळखलं. साखरेच्या आजारानं डोळे गेलेली माणसं मी घरात पाहिली होती. आणि मी स्वतःला केवढी शहाणी समजले! मनात म्हटलं, यांना फोकस दिसणार नाही, म्हणजे यांना आपोआप फोकस करणाराच कॅमेरा पाहिजे. डोळ्यांचा विषय काढून त्यांचा अपमान कशाला करायचा? मी गोड बोलून लालची बाजू लावून धरली. लेन्स जुनी झाली भाऊ, आता नवा जमाना आहे, लाल घ्या, बटण दाबा, काम झालं.

बाकावरून कांताबाई म्हणाल्या, "बाई, त्या पिवळ्यात हे लेन्स लावून दाखवता का जराशी? मी..."

मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हणाले, "थांबा ताई, आधी भाऊंचं होऊ द्या." आणि त्यांना पाण्याचा गिलास दिला.

मी! जिला इतकी वर्षं लोकांनी साहब किधर हैं विचारलं, ती मी!

कांताबाई पाणी प्यायल्या. भाऊंनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "द्या मंग लाल." लेन्स पुन्हा कापडात गेली. मी हसत हसत बिल केलं आणि त्या दिवशी शेठजींना सांगितलं, की आज मी एका माणसाची लाज राखली.

दहा-बारा दिवसांनी, सकाळच्या पॅसेंजरनं, कांताबाई एकट्या आल्या. त्याच पिशवीतून लालचा खोका काढला आणि काचेवर ठेवला.

"बाई, हा बदलून द्या. पिवळा द्या."

"काऊन ताई, बिघडला?"

"बिघडला नाही जी. याले समजत नाही." त्यांनी खोक्यावर हात ठेवला. "परवा आमच्या जावेच्या पोरीले हळद लावली. घरात एकच बल्ब. हा कॅमेरा आपला घर्र घर्र करून राहिला, कधी भिंतीले पकडे, कधी मावशीच्या पदराले. अना तेवढ्यात पोरगी हसून मोकळी झाली! माह्या पन्नास नंबरनं मी कधीचीच टिपली असती तिले."

मी म्हटलं, "तुम्ही?"

"मंग कोण?"

त्या बाकावर बसल्या आणि सगळं सांगितलं. सुरुवात हळदीपासूनच झाली होती. नवरीला हळद लावतात तेव्हा आत सगळ्या बाया, तिथं पुरुष कशाला? म्हणून भाऊंनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी बायकोच्या हातात कॅमेरा दिला, कडं कसं फिरवायचं ते शिकवलं आणि आत पाठवलं. आतले फोटो नेहमी कांताबाईंचेच. पुढे भाऊंच्या डोळ्यांना साखर बाधली तसे बाहेरचेही फोटो त्याच काढू लागल्या. भाऊ फ्लॅश धरून उभे राहायचे, पाहुण्यांना हसवायचे, रांगेत लावायचे, आणि ऐन वेळी म्हणायचे, "माहा हात भरून आला, तू धर." गावाला वाटायचं, बाई मदतीला आहे.

"मागच्या साली त्यायले पटलं नाही," कांताबाई म्हणाल्या. "म्हणे माहे डोळे चांगले आहेत, मीच काढतो. एका लग्नाचे सारे फोटो पुसट आले. अक्षता पडतानाचाही नाही निंगाला. नवरीची माय आमच्या दारात येऊन रडली, बाई. तवापासून आमाले कोणी बोलवत नाही. आता चार दिवसावर दुसरं लगन आहे, तेही नात्यातलं म्हणून भेटलं. हे बिघडलं तं स्टुडिओले कुलूप लागन."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "बोलली होती न जी. तुमी पाणी देल्लं."

माझ्या कानाखाली कोणी वाजवली असती तरी बरं वाटलं असतं. लाज वाटली, फार लाज वाटली. अजून आठवलं की कान गरम होतात.

शेठजी आत ट्यूबलाइटखाली बसले होते. त्यांना मी सांगितलं, कॅमेरा बदलून द्यायचा आहे. शेठजी मनाचे चांगले, पण उघडलेला खोका परत घ्यायचा म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. ते सुरू झाले. "उषाजी, खुला डिब्बा कौन लेगा? कल को सब बदलने आएँगे! दुकान है कि धरमशाला है?" हात वर करून, भुवया चढवून, जोरजोरात.

मी भांडतच होते. कांताबाईंनी मात्र आमच्याकडे लक्षच दिलं नाही. काचेवर पिवळ्याचा नमुन्याचा कॅमेरा असायचा, गिऱ्हाइकाला हाताळायला ठेवलेला. तो त्यांनी उचलला. कापड सोडून आपली लेन्स त्यावर फिरवून बसवली, न बघता, आपण डब्याचं झाकण लावतो तशी. मग आपला तळहात ट्यूबलाइटकडे धरला आणि क्षणभर त्याच्याकडे बघितलं.

"हे काय करता?" मी विचारलं.

"उजेड पाहतो. तळव्यावरून समजते." आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "दोन... साठ." म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं आणि किती वेळ. जे मोजायला आपण कॅमेऱ्यासाठी एवढे पैसे देतो, ते बाई हातावर वाचत होती!

पहिला फोटो थोडा काळा आला. त्यांनी एक चाक एकच घर फिरवलं. डाव्या हाताची दोन बोटं कड्यावर होती, ती इतकी हलकी फिरली की मला फिरलेली दिसलीही नाहीत. शेठजी "धरमशाला" म्हणत होते तेव्हा खट् वाजलं.

शेठजी थांबले. "क्या किया?"

मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. शेठजींचे दोन्ही हात वर, तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, आणि डोळे असे जिवंत की आता फोटोतूनच ओरडतील. मागचं सगळं दुकान धुक्यात गेलेलं, भुवईचा केस न् केस मोजता येईल. शेठजींनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग तोंडावर हात ठेवून हसायला लागले, थांबेनात.

"अरे, ये तो मैं हूँ! मेरी बीवी यही बोलती है, ऐसा दिखता हूँ गुस्से में! उषाजी, इसका एक प्रिंट निकालो. बड़ा वाला."

"आणि कॅमेरा?"

"दे दो, दे दो. बाई को जो चाहिए दे दो."

मी नवीन पिवळ्याचा खोका काढायला लागले तर कांताबाईंनी नमुन्याचाच कॅमेरा छातीशी धरला. "हाच द्या जी. याची ओळख झाली." तर तो त्यांनी नेला आणि लाल आमच्या काचेवर नमुना म्हणून बसला. शेठजींचंही समाधान झालं.

जाताना मी विचारलं, "भाऊंना काय सांगाल?"

"ते त्यायलेच समजन," त्या म्हणाल्या आणि स्टेशनकडे निघाल्या.

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. घरात पोळ्या करताना माझं लक्ष सालेकशाला. लाइट गेली तर? भाऊंनी पुन्हा हट्ट केला तर? माझ्या नवऱ्यानं विचारलं, "लग्न तुझ्या माहेरचं आहे का?" मी म्हटलं, "तसंच समजा."

लग्न होऊन आठवडा गेला आणि एका दुपारी दुकानाच्या पायऱ्यांवर दोघं दिसले. भाऊंचा शर्ट तसाच कडक, एका हातात फ्लॅश. आणि कॅमेरा कांताबाईंच्या गळ्यात. पिशवीत नाही, हातात नाही, गळ्यात, पिवळा पट्टा भर बाजारातून मिरवत.

भाऊंनी अल्बम काचेवर आपटला. हळदीनं पिवळी झालेली पोरगी, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. अक्षता हवेत, एकेक तांदूळ वेगळा. नवरदेवाच्या बापाची डुलकी. मी पानं उलटत होते आणि दुकानातली गिऱ्हाइकं माझ्या खांद्यावरून बघत होती. एकानं भाऊंना विचारलं, "वा भाऊ, कोणत्या कॅमेऱ्यानं काढले?"

भाऊ म्हणाले, "कॅमेऱ्यानं नाही, ईनं काढले." दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात. मग माझ्याकडे वळले. "अना बाईजी, तुमाले एक विचारतो. त्या दिवशी तुमी मले कायले विचारून राहिले होत्या? माहे डोळे तं गेले, तुमचे तं चांगले होते!"

सगळे हसले. मीही हसले, पण डोळे पुसत. "चुकलंच भाऊ," मी म्हटलं, "पण तुम्ही तरी बोलायचं!"

"बोलणार होतो," भाऊ मिशीतून हसले. "पण येवढं गोड तुमी बोलून राहिले होत्या, मले वाटलं बाईले समजलं असन कोण काढते ते, मी कायले बोलू?"

त्यानंतर मी काउंटरवर एक नियम केला. प्रश्न आला की दोन्ही कॅमेरे झाकायचे आणि आधी विचारायचं, वापरणार कोण? आणि जो बाकावर बसलेला असेल त्याच्या हातात पहिला कॅमेरा द्यायचा. किती म्हाताऱ्या, किती सुना, एकदा तर एक नव्वदीचे आजोबा, यांनी माझ्यासमोर आपला कॅमेरा निवडला! पुढे मोबाइलमध्येच कॅमेरा आला, लोक काचेवरचे कॅमेरे बघेनासे झाले, आम्ही मोबाइलची कव्हरं विकू लागलो. त्याचं वाईट वाटतं. कव्हर घ्यायला सहा आठवडे वही लिहीत कोणी येत नाही.

२०१६ साली मी काउंटर सोडलं त्या दिवशी दोघं आले होते. सतरा वर्षं दुकानात काढली, पण काउंटरमागे उभ्या असलेल्या माझा एकही फोटो नव्हता. कांताबाईंनी मला काचेमागे उभं केलं. लेन्स तीच, पन्नास नंबरची. तळहात उजेडात धरला. मी पदर सारखा करून, तोंड बंद करून ताठ उभी राहिले तर ओरडल्या, "अशा नोका उभ्या राहू जी! बोला! गिऱ्हाइकाले बोलता तशा!"

मी काय बोलणार? तोंडातून निघालं, "साहब नहीं हैं जी, मैं ही हूँ."

खट्.

भाऊंनी कॅमेरा मागून घेतला. स्क्रीन नाकाला टेकवली, जरा तिरकी केली, बराच वेळ बघितलं. तोवर त्यांना चेहरा सोडा, उजेड-अंधारही नीट कळत नव्हता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मग त्यांनी मान डोलावली आणि जुन्या उस्तादाच्या थाटात निकाल दिला, "बाईजी, फोकस करेक्ट आहे."

तो फोटो आता माझ्या समोरच्या भिंतीवर आहे. रोज बघते. फोकस करेक्टच आहे.